जमिनीखालची केबल तापू नये म्हणून: कोणते काम आधी, कोणते नंतर

बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम असा असतो: कॅटलॉग उघडून केबल निवडायची, पाइप मागवायचे, चर खणायचा, आणि जमिनीचा विचार केबल जळाल्यावर करायचा. खरे तर केबलमधून किती अँपिअर सुखाने जातील हे ठरवण्यात तांब्याइतकाच तिच्याभोवतीच्या पाइपचा, हवेचा आणि मातीचा वाटा असतो. म्हणून आधी जमीन, मग मांडणी, आणि शेवटी केबल. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. हा मजकूर लो-टेन्शन केबल टाकणाऱ्यांसाठी आणि साइटवर उभे राहून काम करून घेणाऱ्यांसाठी आहे. हाय-टेन्शनसाठी आयईसी ६०२८७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सविस्तर गणित करावेच लागते.

दोन आकडे आधीच डोक्यात ठेवा. पीव्हीसी इन्सुलेशनच्या केबलमध्ये कंडक्टरचे तापमान सतत ७० °से.च्या वर जाऊ द्यायचे नाही, एक्सएलपीईमध्ये ९० °से.च्या वर. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट १० टक्के वाढला तर उष्णता २१ टक्के वाढते. त्यात तापलेल्या तांब्याचा रोधही चढतो. २० अंशांना जो रोध असतो, त्यापेक्षा ९० अंशांना तो सुमारे २७ टक्के जास्त असतो. म्हणजे केबल तापली की अजून तापायचे कारण स्वतःच तयार करते.

## टप्पा १: लोडचा खरा आकडा काढा

नेमप्लेटची बेरीज म्हणजे लोड नव्हे. तीन गोष्टी लिहून काढा: जास्तीत जास्त करंट किती, तो सलग किती तास राहतो, आणि लोड कोणत्या प्रकारचा आहे.

यातला मधला प्रश्न हमखास सुटतो. दिवसातून दोन तास पूर्ण लोड घेणारी केबल आणि चोवीस तास तेवढाच लोड घेणारी केबल, जमिनीच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माती हळू तापते आणि हळूच निवते, त्यामुळे चढउतार असलेला लोड ती पचवते. सर्व्हर, गाड्यांचे चार्जर, सतत चालणारे पंप आणि शीतगृहे मात्र मातीला उसंत देत नाहीत. अशा लोडला सवलत धरू नका.

एलईडी दिवे, संगणक, यूपीएस, चार्जर यांसारखे सिंगल-फेज इलेक्ट्रॉनिक लोड जास्त असतील तर तिसरा हार्मॉनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) मोजा. तिन्ही फेजचे तिसरे हार्मॉनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. मग ज्या तारेला आपण रिकामी समजतो तीही चौथ्या हीटरसारखे काम करते.

तपासा: क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (विकृत लहरींचाही खरा करंट मोजणारा) आहे ना? साधा मीटर विकृत लहरींचा करंट कमी दाखवतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या खोट्या आकड्यावर उभा राहतो.

## टप्पा २: मार्ग पायी चाला आणि सर्वांत वाईट तुकडा शोधा

दोनशे मीटरच्या मार्गातले एकशे नव्वद मीटर उत्तम असतील, पण केबलची क्षमता उरलेले दहा मीटर ठरवतात. ते दहा मीटर नकाशावर दिसत नाहीत, चालल्यावर दिसतात. शोधायच्या जागा अशा:

- रस्त्याखालचा पाइप, विशेषतः डांबराखालचा. उन्हाने तापलेल्या डांबराखाली जमीन शेजारच्या मोकळ्या जमिनीपेक्षा गरम असते.
- दुसऱ्या केबल, गरम पाण्याचे किंवा वाफेचे पाइप जिथे जवळून किंवा आडवे जातात ती जागा.
- मोठ्या झाडांच्या मुळांचा पट्टा. मुळे माती सुकवतात.
- राखेचा, राडारोड्याचा किंवा कचऱ्याचा जुना भराव. यात हवा भरपूर असते आणि उष्णता बाहेर पडत नाही.
- केबल जमिनीतून वर येते तो उभा पाइप. उन्हात उभा, दोन्ही टोकांना घट्ट बंद. अनेकदा सगळ्या मार्गातली सर्वांत गरम जागा हीच निघते, आणि जमिनीखाली नाही म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

प्रत्येक तुकड्याची खोली, पाइप आहे की नाही आणि शेजारी कोण आहे, हे एका कागदावर लिहा. पुढची सगळी डीरेटिंग (परिस्थितीनुसार केबलची क्षमता कमी धरणे) यातल्या वाईटातल्या वाईट तुकड्याची करायची आहे.

सावधान: चाचणी खड्डा खणण्याआधी जमिनीखालच्या जुन्या केबल आणि गॅस-पाण्याच्या लाइन लोकेटरने शोधून जमिनीवर खुणा करा. नकाशावर विसंबू नका.

## टप्पा ३: जमीन मोजा

दोन गोष्टी हव्यात: केबलच्या खोलीवरचे जमिनीचे कमाल तापमान आणि मातीची उष्णतारोधकता.

तापमान हवेचे नको, जमिनीचे हवे, तेही केबलच्याच खोलीवरचे. एक मीटर खोलीवरची जमीन पृष्ठभागाच्या मागोमाग काही आठवड्यांनी सर्वांत गरम होते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात घेतलेले माप कमाल असेलच असे नाही.

उष्णतारोधकता केल्विन-मीटर प्रति वॅट या एककात सांगतात. आकडा जितका मोठा, तितकी माती उष्णता अडवणारी. आता अंदाजासाठी हे पाहा: क्वार्ट्झचा आकडा साधारण ०.१३, पाण्याचा १.७ च्या आसपास, स्थिर हवेचा ४० च्या घरात. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या आहेत की हवेने, यावर सगळा खेळ आहे. ओली माती १ च्या खाली येऊ शकते आणि तीच कोरडी पडल्यावर २.५ ओलांडू शकते.

म्हणून पावसाळ्यात घेतलेले एकच माप जवळपास निरुपयोगी. प्रयोगशाळेला केबलच्या खोलीवरचा नमुना द्या आणि ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंतचा वक्र मागा. हिशेबाला कोरडा आकडा धरा, कारण सतत तापणारी केबल आपल्याभोवतीची ओल स्वतःच हाकलते. ओल गेली की रोधकता वाढते, रोधकता वाढली की केबल अजून तापते, आणि उरलीसुरली ओलही जाते. हे चक्र एकदा सुरू झाले की लोड कमी केल्याशिवाय थांबत नाही.

सावधान: एककाचा घोळ इथेच होतो. काही अहवाल आणि कॅटलॉग °से.-सेंमी प्रति वॅट वापरतात. १५० °से.-सेंमी प्रति वॅट म्हणजे १.५ केल्विन-मीटर प्रति वॅट. शंभरने भागा.

## टप्पा ४: डीरेटिंगचा हिशेब, कागदावर

कॅटलॉगमधल्या करंटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत अटी असतात. आकडा वाचण्याआधी त्या वाचा. आयईसी ६०३६४-५-५२ चे जमिनीखालचे तक्ते २० °से. जमीन आणि २.५ रोधकता धरतात. उत्पादकांचे कॅटलॉग बऱ्याचदा १.५ किंवा १ धरतात, त्यामुळे त्यांचा आकडा मोठा दिसतो. एका तक्त्याचा करंट आणि दुसऱ्या तक्त्याचा गुणक असे कडबोळे अजिबात करू नका.

उदाहरण घेऊ. समजा पाइपातल्या एका एक्सएलपीई केबलचा तक्त्यातला करंट २०० अँपिअर आहे, अटी वरच्याच आयईसीच्या. आपल्याकडे:

- जमीन ३५ °से.: गुणक ०.८९
- माती २.५: गुणक १
- तीन पाइप एकमेकांना चिकटून, प्रत्येकात एक मल्टिकोअर केबल, तिन्हींवर लोड: गुणक ०.७५
- तिसरा हार्मॉनिक फेज करंटच्या १५ ते ३३ टक्क्यांमध्ये: गुणक ०.८६

२०० × ०.८९ × ०.७५ × ०.८६ म्हणजे जवळपास ११५ अँपिअर. दोनशेची केबल एकशे पंधरावर आली, आणि यात कुठलीही अतिशयोक्ती नाही. हेच तीन पाइप एकमेकांपासून २५ सेंमी दूर ठेवले तर ०.७५ च्या जागी ०.८५ येतो आणि क्षमता १३० वर जाते. चर थोडा रुंद खणून मिळालेले हे १५ अँपिअर आहेत. जागा असेल तर मोठ्या साइझच्या केबलकडे धावण्याआधी हा पर्याय तपासा.

मातीच्या गुणकात एक चूक वारंवार दिसते. माती २.५ ऐवजी १ असेल तर थेट जमिनीत पुरलेल्या केबलला १.५ गुणक मिळतो, पाइपातल्या केबलला फक्त १.१८. पाइपात उष्णतेच्या वाटेत आतली हवा आणि पाइपची भिंत आधीच आडवी असते, त्यामुळे चांगल्या मातीचा फायदा तिथे कमी पोचतो. लोक थेट पुरलेल्या केबलचा गुणक पाइपाला लावतात आणि कागदावर केबल सुरक्षित दिसते.

तपासा: लोडचा करंट ≤ ब्रेकरचे रेटिंग ≤ डीरेटिंगनंतरची केबलची क्षमता. ही साखळी कुठेही उलटली तर मागे जा. शिवाय ब्रेकरचे टर्मिनल किती तापमानाला चालते ते पाहा. ते ७० °से.चे असेल, तर केबल ९० ची असली म्हणून तिला ९० पर्यंत तापवता येत नाही.

## टप्पा ५: पाइप, अंतर आणि फेज

मोठा पाइप घेतला की आत हवा खेळते आणि केबल थंड राहते, हा समज चुकीचा आहे. बंद पाइपातली हवा खेळत नाही, नुसती अडकून बसते. पाइपाच्या छेदाचा ४० टक्के भाग भरायचा हा प्रचलित नियम केबल न अडकता, न सोलता ओढता यावी म्हणून आहे. तो पाळला म्हणजे उष्णतेचा प्रश्न सुटला असे नाही.

पाइपांचा गठ्ठा असेल, समजा तीन बाय तीन, तर मधला पाइप सर्वांत गरम राहणार. तो रिकामा ठेवा किंवा त्यातून कंट्रोल केबल न्या. जड लोडच्या केबल बाहेरच्या कोपऱ्यांत टाका. पाइपांमध्ये स्पेसर लावा. स्पेसर नसले की पाइप एकमेकांवर कलंडतात आणि खालच्या बाजूला भराव पोचत नाही.

सावधान: सिंगल-कोअर केबलची एकच फेज लोखंडी किंवा जीआय पाइपातून कधीही नेऊ नका. पाइप स्वतःच तापतो, लोड साधा असला तरीही. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी पाइपात हवेत, नाहीतर पाइप प्लॅस्टिकचा हवा. हाच नियम पॅनेलच्या ग्लँड प्लेटला (केबल ज्या पत्र्यातून पॅनेलमध्ये शिरते त्याला) लागू. सिंगल-कोअरसाठी ती अॅल्युमिनियमची असावी. लोखंडी प्लेटला प्रत्येक फेजचे वेगळे भोक पाडले की तीन भोकांमधला पत्रा हात लावता येणार नाही इतका गरम होतो, आणि दोष मात्र लगला (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडणीच्या तुकड्याला) दिला जातो.

समांतर केबल टाकताना प्रत्येक गटात तिन्ही फेज ठेवा, लांबी सारखी ठेवा. एका पाइपात आर फेजच्या तिन्ही तारा, दुसऱ्यात वाय फेजच्या तिन्ही अशी मांडणी दिसायला सुबक असते आणि करंटची वाटणी पार बिघडवते.

## टप्पा ६: चर आणि भराव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. का, ते आकड्यांत पाहू.

५० चौरस मिमी तांब्याच्या तीन तारांतून प्रत्येकी १५० अँपिअर जात आहेत. ९० अंशांना या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.४९ ओहम, म्हणजे दर मीटरला एका तारेत ११ वॅट आणि तिन्हींत मिळून ३३ वॅट उष्णता. केबलचा बाहेरचा व्यास ३५ मिमी, ती ७० सेंमी खोल थेट पुरलेली, जमीन ३० °से. मातीची रोधकता १ असेल तर केबलचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण २३ अंशांनी वाढून ५३ वर जातो. रोधकता २.५ असेल तर वाढ ५७ अंशांच्या वर जाते आणि पृष्ठभागच ८८ च्या आसपास पोचतो. आतले तांबे त्याहून गरम, म्हणजे मर्यादेच्या पार. हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्हीकडे तांब्याचा रोध ९० अंशांचाच धरला आहे. केबल तीच, करंट तोच, फरक फक्त मातीचा.

आता याच गणितातली कामाची गोष्ट: मातीत होणारी ही तापमानवाढ निम्मी केबलपासून पहिल्या १५-१६ सेंमीतच होते. म्हणजे केबलभोवतीची वीतभर जागा चांगली साधली तर निम्म्याहून जास्त काम झाले. सगळा चर महाग मालाने भरायची गरज नाही, पण त्या वीतभर जागेत तडजोड नको.

क्रम असा ठेवा:

१. चराचा तळ सपाट करा, दगड काढा, तळाला धुम्मस करा. चर खोल असेल तर आत माणूस उतरवण्याआधी बाजू कोसळणार नाहीत अशी आधाराची व्यवस्था करा.

२. किमान १० ते १५ सेंमी जाडीचा भराव घालून कुटा. केबल किंवा पाइप त्यावर ठेवा.

३. बाजूंनी आणि वरून तोच भराव १५ सेंमीच्या थरांनी घाला, प्रत्येक थर किंचित ओलसर करून कुटा. केबलच्या लगत हातानेच कुटा, यंत्र वरच्या थरांना लावा.

४. त्यावर संरक्षक फरशा, धोक्याची पट्टी आणि मग खणलेली माती.

भराव कोणता? एकसारख्या दाण्याची स्वच्छ, धुतलेली वाळू दिसायला छान आणि कुटायला सोपी, पण ती झटकन सुकते आणि सुकल्यावर केबलवर गोधडी पांघरल्यासारखी होते. लहान-मोठे दाणे आणि थोडी बारीक पूड असलेली मिश्र वाळू घ्या, म्हणजे मोठ्या दाण्यांमधल्या फटी बारीक दाणे भरतात. लोड सतत आणि जड असेल तर १४ भाग वाळूला १ भाग सिमेंट असे कमकुवत मिश्रण वापरा. नीट कुटलेले असेल तर पूर्ण सुकल्यावरही त्याची रोधकता १.२ च्या आसपास राहते, आणि पुढे दुरुस्तीसाठी ते फोडताही येते.

तपासा: पाइपांच्या खालच्या कुशीत हात घालून पाहा. पोकळी लागली तर भराव पुन्हा. वरून कितीही कुटले तरी ती पोकळी भरत नाही, आणि तिथली अडकलेली हवा मातीपेक्षा कैक पटींनी उष्णता रोखते.

## टप्पा ७: केबल ओढणे, चेंबर आणि टोके

ओढण्याआधी पाइपातून मँड्रेल (वाट मोकळी आहे का ते तपासणारा ठोकळा) फिरवा. पाइप चेपलेला असेल तर तो आत्ताच कळू द्या. ताण तांब्याला चौरस मिमीमागे ५० न्यूटन आणि अॅल्युमिनियमला ३० न्यूटन यापेक्षा जास्त नको.

चेंबरमध्ये जास्तीची केबल गुंडाळून ठेवायची सवय असते. वेटोळ्यातला प्रत्येक फेरा शेजारच्या फेऱ्याला तापवतो. शिल्लक ठेवायचीच असेल तर मोकळा, पसरट वळसा ठेवा. फेरे एकमेकांना बांधू नका.

लग योग्य डायने क्रिंप करा. अॅल्युमिनियम केबल तांब्याच्या बसबारला जोडताना बायमेटल लग वापरा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा आणि आवळल्यावर रंगाची रेघ मारा. अनेकदा जमिनीत काहीच बिघाड नसतो, सैल लगची उष्णता केबलमधून आत शिरते आणि ब्रेकर ट्रिप होतो.

## टप्पा ८: चालू केल्यावर मोजा, पण घाईने नाही

लोड दिल्यावर तासाभराने हात लावून "गार आहे" म्हणणे फसवे आहे. केबल काही तासांत तापते, भोवतीची माती स्थिर व्हायला मात्र कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. पहिल्या दिवशीची नोंद ठेवा, पण निष्कर्ष काही आठवडे सलग लोडवर चालल्यानंतरच काढा.

टप्पा २ मध्ये सापडलेल्या वाईट तुकड्यात भराव घालण्याआधीच केबलच्या आवरणावर किंवा पाइपावर थर्मोकपल बांधून त्याची तार चेंबरपर्यंत आणून ठेवा. नंतर तिथे पोचायचे म्हणजे पुन्हा खणायचे. पाइपाच्या तोंडाशी घेतलेले माप आतल्यापेक्षा कमी येते, कारण चेंबरमध्ये केबल मोकळ्या हवेत असते. नोंदीत चार गोष्टी एकत्र हव्यात: करंट, वेळ, केबलचे तापमान, आणि दूरच्या न तापलेल्या जमिनीचे त्याच खोलीवरचे तापमान. यातले एक जरी सुटले तरी पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही.

थर्मल कॅमेरा जमिनीखालचे दाखवत नाही. तो टोकांसाठी वापरा. चकचकीत धातूचे तापमान तो कमी दाखवतो, म्हणून सप्लाय बंद असताना लगवर काळ्या मॅट टेपचा तुकडा लावून ठेवा आणि माप त्यावर घ्या. तिन्ही फेजवर लोड सारखा असताना एकच लग इतर दोघांपेक्षा गरम असेल, तर दोष जोडणीत आहे. तिन्ही सारखेच गरम असतील तर केबल किंवा जमीन तपासा.

## जुनी लाइन तापत असेल तर

आधी फुकटचे उपाय करा: फेज समतोल करा, न्यूट्रलचा करंट मोजा, जोडण्या आवळा, चेंबरमधली वेटोळी उलगडा. आवळणे आणि उलगडणे ही दोन्ही कामे सप्लाय बंद करून, कुलूप लावून आणि टेस्टरने खात्री करूनच.

मग उभा पाइप पाहा. त्याला वर-खाली हवेची वाट देता येते का, सावली करता येते का? वाट देताना पाणी आत जाणार नाही अशी टोपी लावा.

त्यानंतर लोडचा काही भाग दुसऱ्या फीडरवर नेण्याचा विचार करा. एकाच मार्गातल्या एखाद्या केबलचा लोड तिच्या गटातल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली आणता आला, तर गटाच्या गुणकात ती मोजावी लागत नाही आणि बाकीच्यांना मोकळीक मिळते.

पाइपातली हवा काढून त्यात बेंटोनाइटसारखा उष्णता वाहून नेणारा गाळ भरणे हा चांगला उपाय आहे, पण तो शेवटी. भरताना मध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर नेमक्या त्याच जागा तापतात, आणि भरलेली केबल नंतर ओढून काढणे फार कठीण होते. त्यामुळे आधी केबलची मेगर (इन्सुलेशनच्या रोधाची) चाचणी घ्या. जी केबल दोन-तीन वर्षांत बदलावी लागेल असे दिसते, तिच्या पाइपात गाळ भरू नका.

ब्रेकर वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याची सेटिंग वाढवणे हा या यादीतला उपाय नाही. सेटिंगला हात लावण्याआधी टप्पा ४ चा कागद काढा, आजच्या लोडने तो पुन्हा भरा, आणि उत्तर ब्रेकरच्या रेटिंगपेक्षा कमी येत असेल तर ब्रेकर लहान करा किंवा समांतर नवी केबल वेगळ्या चरातून टाका.